गणिताच्या रकान्यात जावा लिहायचं का?

अमेरिकेतल्या मराठी घरांत मूल हायस्कूलला गेलं की दर वसंतात विषयनिवडीचा फॉर्म येतो आणि जेवणाच्या टेबलावर चर्चा पेटते. गणितात काय घ्यायचं? सरळ वाटेनं प्रीकॅल्क्युलस (कॅल्क्युलसची पूर्वतयारी), की एपी कॉम्प्युटर सायन्स ए, म्हणजे जावा ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकवणारा कॉलेजच्या पातळीचा कोर्स, जो अनेक राज्यांत गणिताचं क्रेडिट म्हणून, म्हणजे हायस्कूल पूर्ण करायला लागणाऱ्या गणितात धरून, चालतो? वॉशिंग्टन राज्यानं २०१३ मध्ये तसा कायदा केला, कॅलिफोर्नियानं २०१४ मध्ये शाळा-जिल्ह्यांना ती मुभा दिली. टेक्सासमध्ये तर प्रोग्रॅमिंगच्या दोन क्रेडिटांवर परभाषेची अटही भागते. (जावाला व्याकरण आहे, मान्य. पण तिच्यात पुण्याच्या आजीशी बोलता येत नाही.)

या कोर्समध्ये गणित नाही असं नाही. तर्काची वाक्यं उलटी करताना डी मॉर्गनचे नियम लागतात, बाकी काढून समविषम ठरवावं लागतं, रिकर्शन (प्रोग्रॅमच्या एखाद्या भागानं स्वतःलाच बोलावणं) समजायला तर चांगलाच विचार करावा लागतो. शिवाय चूक लगेच कळते. गणिताच्या वहीत ती परीक्षेनंतर कळते. पण हे गणित वेगळ्या जातीचं. जावात पूर्णांकांचा भागाकार केला तर ७ भागिले २ म्हणजे ३. 'एक्स = एक्स + १' ही तिथे साधी आज्ञा आहे (एक्समध्ये एक मिळव); बीजगणिताच्या तासाला तेच समीकरण उत्तर नसलेलं. आणि त्रिकोणमिती, लॉगॅरिदम, फंक्शनचे आलेख या कोर्समध्ये नाहीत. पुढे कॅल्क्युलसला नेमकं तेच लागतं.

गोंधळ होतो तो क्रेडिट या शब्दानं. राज्य म्हणतं, हायस्कूल पूर्ण करायला चालेल. कॉलेज स्वतःचा हिशेब वेगळा मांडतं. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया गणिताची तीन वर्षं मागते, सुचवते चार, आणि त्यात अल्जिब्रा २ (हायस्कूलच्या बीजगणिताचा दुसरा कोर्स) च्या पातळीचं गणित झालेलं हवं. वॉशिंग्टनच्या कायद्यातही गणित म्हणून मोजायला अल्जिब्रा २ झालेलं किंवा सोबत चालू असण्याची अट होती. गंमत म्हणजे ज्या कॉम्प्युटर सायन्सच्या पदवीसाठी हा आटापिटा, तिच्या पहिल्या दोन वर्षांत बहुतेक ठिकाणी कॅल्क्युलस आणि डिस्क्रीट मॅथ (तर्क, मोजणी अशा सुट्या गोष्टींचं गणित) वाट बघत असतात.

आपल्याकडे महाराष्ट्रात बारावीला बायफोकल, म्हणजे दुसरी भाषा आणि आणखी एका विषयाच्या जागी, कॉम्प्युटर सायन्स घेणारे आठवा. दुसरी भाषा सोडली, जीवशास्त्र सोडलं. इंजिनिअरिंगला जायचं म्हणून गणित मात्र कुणी हातचं जाऊ दिलं नाही.

म्हणून माझं मत असं. मूल इंजिनिअरिंग किंवा विज्ञानाकडे झुकलेलं असेल आणि नुकतंच अल्जिब्रा २ झालं असेल, तर प्रीकॅल्क्युलस गणिताच्या रकान्यात, जावा ऐच्छिक विषय म्हणून. अकरावीतच कॅल्क्युलस उरकलेलं असेल, तर बारावीला जावा कुठल्याही रकान्यात लिहा, काही बिघडत नाही.

गणिताला कंटाळलेल्या, मानसशास्त्र किंवा बिझनेसकडे निघालेल्या मुलांबद्दल मात्र मला जावापेक्षा एपी स्टॅटिस्टिक्स जास्त कामाचं वाटतं. तो पर्याय या चर्चेत कुणी काढतच नाही.

एकच ठिकाण असं, जिथे गणिताचं क्रेडिट खरंच मदत करतं: वेळापत्रक. मूल बँडमध्ये आहे, स्पॅनिश आहे, ऐच्छिक विषयाला जागाच उरलेली नाही, आणि प्रोग्रॅमिंग शिकायची हौस खरी आहे. अशा वेळी चौथ्या वर्षाच्या गणिताची जागा जावाला देणं मला पटतं, तीही प्रीकॅल्क्युलस पदरात पडलं असेल तरच.

फॉर्मवर सही करण्याआधी काउन्सेलरला दोन गोष्टी ईमेलवर विचारा, तोंडी नको: ट्रान्स्क्रिप्टवर (शाळेच्या गुणपत्रकावर) हा विषय कोणत्या शीर्षकाखाली दिसेल, आणि हा घेतल्यावर पुढच्या वर्षी कॅल्क्युलसच्या वर्गात बसू देतील का?