पुढच्या इयत्तेचं पुस्तक की एकाच प्रश्नात खोल उतरणं?

तिसरीतली मुलगी विज्ञानाचं पुस्तक महिन्याभरात संपवते. आता तिला पाचवीचं द्यावं की आहे त्याच विषयात गुंतवावं, असा प्रश्न एका शिक्षिकेने विचारला.

खर्च दोन्हीकडे नगण्य. मेहनतीत मात्र मोठा फरक आहे. पुढचं पुस्तक दिलं की धडे, प्रश्न, उत्तरं सगळं तयार मिळतं. खोलात जायचं तर शिक्षकाला स्वतः प्रयोग करून पाहावा लागतो, आणि ‘मलाही माहीत नाही, बघूया’ म्हणावं लागतं.

समज किती टिकते? दोऱ्याला दगड बांधून लंबक करा. जड दगड लावला तर झोका लवकर पूर्ण होईल, असं बहुतेक मुलांना वाटतं. मोजल्यावर कळतं, वजनाने फरक पडत नाही, लांबीने पडतो. १ मीटर लांबीला एक पूर्ण झोका सुमारे २ सेकंदांचा. तो १ सेकंदाचा करायला लांबी निम्मी नाही, पाव करावी लागते, २५ सेंटीमीटर. हे ‘निम्मी का नाही?’ मुलांना दिवसचे दिवस पुरतं. दहा झोके मोजून सरासरी काढणं, एका वेळी एकच गोष्ट बदलणं, हेही त्यातच येतं. नुसत्या वाचनातून हे हाती लागत नाही.

शिकवलेलं खरोखर येत असेल आणि मूल वर्गात कोमेजत असेल, तर पुढचं पुस्तक जरूर द्या. त्याला अडवून ठेवणं अन्याय आहे. उत्तरं पाठ पण ‘कशावरून?’ला गप्प, अशा मुलाला लंबक द्या.