लिज्जतचा उडीद पापड आणि तो लाटणाऱ्या संचालिका

लिज्जतचा मिरे घातलेला उडीद पापड आमच्या घरी अनेक वर्षे येत आहे. भाजताना तो सगळीकडून सारखा फुलतो, तळला तर तेल फारसे धरत नाही आणि मिऱ्याच्या तिखटपणात हिंगाचा वास हरवत नाही. मीठ मात्र थोडे कमी चालले असते. निरनिराळ्या घरांत, निरनिराळ्या हातांनी लाटलेल्या पापडाची जाडी इतकी सारखी राहते, याचे मोठे श्रेय मी संस्थेच्या रचनेला देतो.

१५ मार्च १९५९ रोजी गिरगावातील एका इमारतीच्या गच्चीवर सात स्त्रियांनी ८० रुपये उसने घेऊन हे काम सुरू केले. त्यांच्यापैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. आजही सकाळी शाखेत मळलेले पीठ घेऊन जायचे, घरी पापड लाटून, वाळवून दुसऱ्या दिवशी आणून द्यायचे आणि मजुरी घ्यायची, हाच क्रम चालतो. लाटणारी प्रत्येक भगिनी संस्थेची सभासद आणि सहमालक असते, आणि शाखेची संचालिका, कार्यकारिणी व अध्यक्षा या सगळ्या तिच्यासारख्याच भगिनींमधून, सर्वांच्या संमतीने पुढे येतात. अध्यक्षपदावर राहिलेल्या स्वाती पराडकर लहानपणी आईला पापड लाटायला मदत करीत असत. लाटून आणलेला पापड जाड आहे की कच्चा वाळला आहे, हे अशा संचालिकेला बोटांना कळते, आणि पापड परत करताना तिने सांगितलेले कारण समोरच्या बाईला पटते, कारण पोळपाटावरचे कष्ट दोघींनाही ठाऊक असतात. बाहेरून नेमलेल्या व्यवस्थापकाला हा अधिकार केवळ पदामुळे मिळणार नाही, असे माझे ठाम मत आहे.

हिशेब, वाहतूक यांसारख्या कामांसाठी संस्था पगारी माणसे ठेवते. त्यांत पुरुषही असतात, पण ते सभासद होऊ शकत नाहीत आणि म्हणून अध्यक्षपदही त्यांच्यासाठी नसते. ज्यांना घराबाहेर नोकरी मिळणे कठीण होते अशा स्त्रियांसाठी संस्था उभी राहिली असल्याने मला हा नियम योग्य वाटतो. काळजी वेगळीच आहे: लाटायला येणाऱ्या स्त्रिया कमी झाल्या, तर पुढच्या संचालिकाही त्याच प्रमाणात कमी होतील. त्यामुळे लाटणीची मजुरी वाढवण्यासाठी पाकिटाची किंमत वाढली, तरी मी हाच पापड घेईन.