डलिच हॅम्लेटचा सीझन पास: अख्खा मोसम वापरल्यावर

पास घेताना पैसे मोजले डलिच हॅम्लेट या छोट्या फुटबॉल क्लबसाठी. वसूल झाले ते पाहुण्या संघांमुळे. २०२३-२४ चा मोसम दक्षिण लंडनमध्ये चॅम्पियन हिल या त्यांच्या मैदानाच्या पायऱ्यांवर उभं राहून काढल्यावर हे लिहितोय. लंडनला नव्याने आलेली मराठी मंडळी नेहमी विचारतात, आर्सेनल-चेल्सीची तिकिटं मिळत नाहीत, मिळाली तर परवडत नाहीत, मग फुटबॉल बघायचा कुठे? त्यांनी हे वाचावं. ज्यांना फक्त सफाईदार पासिंग बघायचंय त्यांनी टीव्ही लावावा, इथे त्यांचं काही काम नाही.

आधी वस्तू काय आहे ते. प्रीमियर लीग आणि तिच्याखालचे तीन विभाग मिळून ९२ क्लब होतात. त्याखालचं सगळं नॉन-लीग. हॅम्लेट सातव्या पायरीवर, इस्थमियन लीगच्या प्रीमियर डिव्हिजनमध्ये. २०२३ मध्ये सहाव्या पायरीवरून घसरून इथे आले. या विभागात २२ संघ, म्हणजे लीगचे २१ सामने घरच्या मैदानावर. खेळाडू बहुतेक अर्धवेळ: दिवसा नोकरी, आठवड्यातून एक-दोन संध्याकाळी सराव आणि शनिवारी दुपारी तीनला सामना. मंगळवारी रात्रीही सामने असतात. नोव्हेंबरनंतरचे मंगळवार कसे असतात ते पुढे सांगतो.

मैदान ईस्ट डलिच स्टेशनच्या अगदी बाजूला, मोठ्या सुपरमार्केटला लागून. पहिल्यांदा जाणारा माणूस हमखास सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये शिरतो. त्यामागे कारणही आहे. १९३१ मध्ये बांधलेलं जुनं स्टेडियम प्रचंड होतं. ते पाडून त्या जमिनीच्या एका भागावर सुपरमार्केट आलं आणि उरलेल्या भागावर १९९२ मध्ये आताचं छोटं स्टेडियम उभं राहिलं. जुन्या मैदानावर १९३३ सालच्या एका सामन्याला २०,७४४ लोक होते. आज चांगल्या शनिवारी दोन हजारांच्या वर जमतात आणि सातव्या पायरीवर तेवढी गर्दी म्हणजे चैन आहे. याच विभागातल्या अनेक क्लबांना त्याच्या चौथाई मिळाली तरी दिवाळी.

वापरायला पास सोपा. जागा ठरलेली नाही, कुठेही उभे राहा. हॅम्लेट ज्या गोलवर हल्ला करणार त्याच्या मागे गर्दी जमते आणि मध्यंतर झालं की सगळा जथा झेंडे-बिंडे गुंडाळून दुसऱ्या टोकाला निघतो. बिअरचा ग्लास हातात घेऊन सामना बघता येतो. वरच्या व्यावसायिक लीगमध्ये १९८५ च्या कायद्याने मैदान दिसेल अशा जागी दारू प्यायला बंदी आहे, खालच्या पायऱ्यांना ती लागू नाही. लोक कुत्री घेऊन येतात. रेफरीला दिलेली शिवी रेफरीला स्पष्ट ऐकू जाते आणि कधीकधी उलट उत्तरही येतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: पाहुण्यांच्या समर्थकांना वेगळ्या पिंजऱ्यात कोंडत नाहीत. ते तुमच्याच रांगेत चिप्ससाठी उभे असतात. तिथेच या पासची खरी किंमत मला कळत गेली.

मी मूळचा कोल्हापूरचा. पाटाकडील आणि दिलबहार या तालमींचे संघ शाहू स्टेडियमवर आमनेसामने आले की गावात कोण कुठल्या पेठेतला हे सांगावं लागत नाही, ते आवाजावरून कळतं. त्यामुळे क्लब म्हणजे मोहल्ला, त्याचं भांडण आणि त्याचा इतिहास, हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती. पण आमच्याकडे सगळ्या तालमी एकाच गावात. इथे दर पंधरवड्याला वेगळं गाव बसमधून उतरतं आणि आपली शंभर-सव्वाशे वर्षांची कुंडली घेऊन येतं.

किंग्स्टोनियनचंच घ्या. वर १९३३ चा जो सामना सांगितला, तो होता एफए अमॅच्युअर कपचा, म्हणजे हौशी क्लबांच्या स्पर्धेचा, अंतिम सामना, किंग्स्टोनियन विरुद्ध स्टॉकटन. म्हणजे या मैदानातली विक्रमी गर्दी यजमानांच्या नव्हे, पाहुण्यांच्या नावावर आहे! तो सामना बरोबरीत सुटला, फेरसामना किंग्स्टोनियनने ४-१ जिंकला. असा क्लब, आणि आज त्याला स्वतःचं मैदान नाही. त्यांचं किंग्जमीडो मैदान आधी एएफसी विम्बल्डनकडे गेलं, पुढे चेल्सीने विकत घेतलं, तिथे चेल्सीच्या महिला खेळायला लागल्या. २०१७ पासून किंग्स्टोनियन दुसऱ्यांच्या मैदानांवर भाड्याने दिवस काढतोय. त्यांचा एक म्हातारा समर्थक माझ्याशेजारी कठड्याला टेकून उभा होता. सामन्याकडे त्याचं फारसं लक्षच नव्हतं. नव्या मैदानाची जमीन कुठे मिळू शकेल, कुठली नाही, कौन्सिल काय म्हणते, हेच तो पूर्वार्धभर सांगत राहिला.

हॅम्लेटवाल्यांना हे दुखणं चांगलंच ठाऊक आहे. मार्च २०१८ मध्ये जमीनमालक डेव्हलपरशी वाद टोकाला गेला, क्लबला मैदानाबाहेर काढलं गेलं, वर ‘डलिच हॅम्लेट’ हे नाव वापरायचं नाही अशी नोटीसही आली. डेव्हलपरच्या उपकंपनीने नावाचा ट्रेडमार्क नोंदवून ठेवला होता. १८९३ सालचा क्लब, आणि नावाची नोटीस २०१८ मध्ये! प्रकरण संसदेत गाजलं. संघ टूटिंग अँड मिचमच्या मैदानावर खेळत राहिला आणि त्याच मोसमात प्लेऑफच्या, म्हणजे वरच्या विभागात जायच्या जागेसाठीच्या बाद सामन्यांच्या, अंतिम सामन्यात हेंडनला पेनल्टीवर हरवून वर चढला. डिसेंबर २०१८ मध्ये घरी परतला. मी तेव्हा इथे नव्हतो, पण पायऱ्यांवर हा विषय निघाला नाही असा शनिवार क्वचितच.

एनफील्ड टाउन आले तेव्हा मी मुद्दाम लवकर गेलो. मूळचा एनफील्ड क्लब एकेकाळी अमॅच्युअर फुटबॉलमधला बडा संघ, १९६७ आणि १९७० चा अमॅच्युअर कप त्यांचा. १९९९ मध्ये त्यांचं मैदान विकलं गेलं, क्लब भाड्याच्या जागांवर भटकायला लागला, आणि २००१ मध्ये वैतागलेल्या समर्थकांनी सरळ नवा क्लब काढला. लोक एएफसी विम्बल्डनचं उदाहरण देतात, पण विम्बल्डनवाल्यांनी २००२ मध्ये जे केलं ते एनफील्डवाले एक वर्ष आधी करून बसले होते. टीव्हीवाले तिकडे फारसे फिरकले नाहीत, एवढाच फरक. याच मोसमाच्या शेवटी ते प्लेऑफ जिंकून वर गेले. हॅम्लेट वर गेले नाहीत, खालीही नाही. तेवढी अपेक्षा ठेवूनच मी होतो.

विंगेट अँड फिंचलीची गोष्ट मला सगळ्यात जवळची वाटली, कारण ती आपल्याकडून जाते. महायुद्ध संपल्यावर १९४६ मध्ये लंडनमधल्या ज्यू माजी सैनिकांनी ज्यूद्वेषाला मैदानावर उत्तर द्यायचं ठरवून क्लब काढला आणि नाव दिलं ऑर्ड विंगेट या सेनानीचं. हा तोच विंगेट, ज्याने ब्रह्मदेशात जपान्यांच्या पिछाडीला घुसणारं चिंडिट दल उभं केलं आणि मार्च १९४४ मध्ये आजच्या मणिपूरच्या डोंगरात विमान कोसळून गेला. तो स्वतः ज्यू नव्हता, पण पॅलेस्टाइनमधल्या कामामुळे ज्यू लोकांना आपला वाटायचा. १९९१ मध्ये शेजारच्या फिंचली क्लबशी विलीनीकरण झालं. उत्तर लंडनच्या एका शांत रस्त्यावरचा हा संघ मध्य भारतात तयार झालेल्या आणि ब्रह्मदेशात लढलेल्या फौजेच्या सेनापतीचं नाव छातीवर घेऊन धावतो, हे माहीत झाल्यावर त्यांच्याविरुद्ध ओरडताना जरा जड गेलं. थोडंसंच.

बाकीचे भरभर सांगतो. क्रे वॉन्डरर्स स्वतःचं वर्ष १८६० सांगतात, म्हणजे फुटबॉल असोसिएशन तीन वर्षांनी लहान! मार्गेटच्या नावावर नको असलेला विक्रम आहे: नोव्हेंबर १९७१ मध्ये बोर्नमथने एफए कपात, म्हणजे लहान-मोठ्या सगळ्या क्लबांच्या बाद स्पर्धेत, त्यांना ११-० हरवलं, त्यातले नऊ गोल एकट्या टेड मॅकडूगलचे. पण याच मार्गेटने १९७३ मध्ये कपात थेट टॉटनहॅमला आपल्या मैदानावर आणलं. हरले ६-० ने, तरी गावाला तेच आठवतं. हॉर्नचर्चने २०२१ मध्ये वेम्ब्लीवर हेरफर्डला हरवून एफए ट्रॉफी, म्हणजे नॉन-लीग क्लबांची स्पर्धा, जिंकली, आणि २०२३-२४ चं लीगचं विजेतेपदही त्यांचंच. ल्यूइसने २०१७ मध्ये पुरुष आणि महिला संघांचं बजेट सारखं केलं. बिलरिकेने काही वर्षांपूर्वी एका हौशी धनिक मालकाच्या जोरावर नावाजलेले खेळाडू गोळा केले होते आणि २०१७-१८ मध्ये हॅम्लेटला मागे टाकून लीग जिंकली होती. त्यामुळे त्यांच्या सामन्याला आवाज जरा जास्त चढतो. हॅशटॅग युनायटेड २०१६ मध्ये यूट्यूबवर जन्मला. जुनी मंडळी नाक मुरडतात. मला मात्र त्यांच्याविषयी राग आला नाही. २०१८ मध्ये लीगच्या उतरंडीच्या तळाजवळ शिरून एकेक पायरी चढत ते इथवर आलेत, चोरवाटेने नाही. त्यांची मुलं शिस्तीत खेळतात.

आणि हॉर्शम. २०२३-२४ च्या एफए कपात बार्न्सलीशी बार्न्सलीच्याच मैदानावर ३-३ बरोबरी, फेरसामन्यात ०-३ हार, मग बार्न्सलीने अपात्र खेळाडू खेळवल्याचं निघालं आणि हॉर्शम पुढच्या फेरीत! तिथे सटनने त्यांना रीतसर घरी पाठवलं. असला संघ पुढच्या महिन्यात तुमच्यासमोर दहा फुटांवर थ्रो-इन घेतो.

यजमानांचा इतिहासही कमी नाही, फक्त तो एकदा ऐकला की ऐकला. चार अमॅच्युअर कप: १९२०, १९३२, १९३४, १९३७. गुलाबी-निळा पोशाख. आणि एडगर केल. मैदानाकडे जाणाऱ्या रस्त्याला त्याचं नाव आहे. हा माणूस आयुष्यभर हौशी राहिला, मोठ्या क्लबांना नकार दिला, तरी १९२९ मध्ये इंग्लंडकडून फ्रान्स, बेल्जियम आणि स्पेनविरुद्ध खेळला. पॅरिसला पदार्पणात दोन गोल. माद्रिदचा तिसरा सामना इंग्लंड ४-३ हरला. युरोप खंडातल्या संघाकडून इंग्लंडचा तो पहिला पराभव. इंग्लंडकडून खेळलेल्या अखेरच्या नॉन-लीग खेळाडूंमध्ये केल गणला जातो. पंचविशीतली पोरं आजही त्याच्या नावाने गातात, आणि आवाज लावून गातात.

आपल्या वाचकांसाठी आणखी एक. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमधला फुटबॉल वेम्ब्लीपुरता नव्हता, या छोट्या क्लबांच्या मैदानांवरही झाला. चॅम्पियन हिलवर दक्षिण कोरियाने मेक्सिकोला ५-३ हरवलं. त्याच स्पर्धेत तालिमेरेन आओच्या नेतृत्वाखाली आपला संघ, बहुतेक जण अनवाणी, इल्फर्डच्या मैदानावर फ्रान्सशी खेळला आणि २-१ असा थोडक्यात हरला. इल्फर्ड हा इस्थमियन लीगच्या १९०५ च्या संस्थापक क्लबांपैकी एक. ते मैदान आता उरलेलं नाही, तिथे घरं आहेत. चॅम्पियन हिलच्या पायऱ्यांवर बसून हे वाचताना किंग्स्टोनियनचा तो म्हातारा मला पुन्हा समजला.

आता उणिवा. खेळाची पातळी सप्टेंबरमध्ये बरी असते. मैदान कोरडं, चेंडू जमिनीवर. जानेवारीत तोच संघ चेंडू हवेत भिरकावायला लागतो, कारण चिखलात दुसरं काही चालत नाही. पाऊस जास्त झाला की सकाळी रेफरी येऊन मैदान तपासतो आणि सामना रद्द. तुम्ही तोवर जेवून, मफलर गुंडाळून तयार. रद्द झालेला शनिवार मग मार्च-एप्रिलच्या एखाद्या मंगळवारी येऊन पडतो आणि ऑफिसातून धावत सुटावं लागतं. हिवाळ्यातला मंगळवार म्हणजे पायाची बोटं स्वतःची आहेत की नाहीत याची खात्री नसते. दोन जोड मोजे घाला, एकावर भागवू नका.

दुसरं, गर्दीचा पोत. ईस्ट डलिच आता महाग वस्ती आहे आणि पायऱ्यांवर ते दिसतं. काही जणांना सामन्यापेक्षा सामन्याला गेल्याचा फोटो महत्त्वाचा. जुने समर्थक त्यावर कुरकुरतात. माझं मत असं की त्यांच्याच तिकिटांवर क्लब उभा आहे, तेव्हा कुरकुर बिअर संपेपर्यंतच ठेवावी. एक ठळक गोष्ट: या गर्दीत वर्णद्वेषी किंवा समलिंगींवरची टवाळी मी ऐकली नाही. २०१५ मध्येच हॅम्लेटने स्टोनवॉल या समलिंगी खेळाडूंच्या क्लबशी मैत्रीचा सामना खेळून आपली बाजू सांगून टाकली होती. बायको पहिल्यांदा आली ती साशंक होती. आता हॅम्लेटच्या महिला संघाच्या सामन्यांना ती माझ्याशिवायही जाते.

पास कोणी घेऊ नये? ज्याला फक्त जिंकणं बघायचंय, ज्याला थंडी सोसत नाही, आणि ज्याला अनोळखी माणसाशी बोलायचा कंटाळा आहे. बाकीच्यांनी आधी सुट्टं तिकीट काढून एखादा सामना बघावा, शक्यतो पाहुणा कोण ते पाहून, आणि जाण्याआधी त्यांचा इतिहास अर्धा तास वाचून. रांगेत विचारायला एक प्रश्न हाताशी ठेवला तर उत्तर मध्यंतरापर्यंत पुरतं.

२०२४-२५ चा पासही मी घेतला. एनफील्ड आणि हॉर्नचर्च वर गेले, किंग्स्टोनियन आणि मार्गेट खाली, त्यामुळे त्या मोसमात ते येणार नव्हते. वरून डोव्हर आणि डार्टफर्ड घसरले. खालून क्रे व्हॅली पेपर मिल्स आले, १९१९ साली कागद गिरणीच्या कामगारांनी काढलेला क्लब, ज्याने नोव्हेंबर २०२३ मध्ये एफए कपात चार्ल्टनच्या मैदानावर १-१ बरोबरी साधली. फेरसामन्यात सहा गोल खाल्ले, ते सोडा. त्यांची तारीख लागली की कॅलेंडरवर आधी तीच टाकायची, असं मी ठरवून ठेवलं होतं.