‘स्पॉट द स्टेशन’ ॲप: खळ्यात उभं राहून वापरलं, मग लिहितोय

नासाचं हे ॲप मी जून 2025 मध्ये मोबाईलमध्ये टाकलं, आपले अंतराळवीर शुभांशु शुक्ला आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर पोचले त्याच आठवड्यात. फुकट आहे, दुर्बीण लागत नाही, लोकेशन दिलं की आपल्या गावावरून स्टेशन कधी जाणार, कुठून कुठे, किती मिनिटं आणि किती अंश वर येणार सगळं सांगतं, नोटिफिकेशन पण आधी येतं. त्याआधी दुसरं एक ॲप होतं, नाव नाही घेत, त्यात जाहिराती बंद करेपर्यंत स्टेशन निघून गेलं होतं, लय चिडलो होतो तेव्हा.

आम्ही चोपड्याकडचे, जुलैत आभाळ भरलेलंच. चार वेळा ढगात गेलं. पाचव्यांदा संध्याकाळी पाऊस उघडला आणि नाना, माय, शेजारचे जिभाऊ, पोरंसोरं सगळे खळ्यात. ॲपने दिलेल्या मिनिटालाच नैऋत्येला केळीच्या बागेवर ठिपका उगवला, ना लुकलुक, ना आवाज, वर येता येता शुक्रासारखा झगझगीत झाला. माय म्हणे, "आपला पोऱ्या शे का रे त्याम्हा?" म्हटलं हो माय, तो आणि अजून दहा जण. तिने पदर सावरला आणि हात जोडले, बोलली काही नाही. नानांना 1984 चे राकेश शर्मा आठवले.

मग सातपुड्याकडे जाता जाता ते जरासं तांबूस झालं आणि डोंगराच्या बरंच वर, मोकळ्या आभाळातच विझलं. पोरं म्हणाली ढगात गेलं, पण तिथे ढग नव्हताच. आपल्याकडे दिवस मावळलेला असतो पण 400 किलोमीटर वर अजून ऊन असतं, तेच ऊन स्टेशनवरून परतून आपल्याला दिसतं, ते पृथ्वीच्या सावलीत शिरलं की संपलं. म्हणून तर ते दिवस मावळल्यावर नाहीतर पहाटेच दिसतं, नाहीतर ताशी 28,000 किलोमीटरने दीड तासात एक फेरी मारणारं स्टेशन मध्यरात्रीही कधीमधी दिसलं असतं.

40 अंशाच्या खालचे पास (म्हणजे स्टेशनच्या आपल्यावरून होणाऱ्या फेऱ्या) सोडून द्या, झाडांआड जातात. हात लांब करून मूठ धरली की साधारण 10 अंश होतात, तसं मोजायचं. ॲपमध्ये ‘एसडब्ल्यू’ आलं की नैऋत्य समजा.

एक लक्षात ठेवा, हे फक्त स्टेशनचंच सांगतं. स्टारलिंकच्या इंटरनेटवाल्या उपग्रहांची दिव्यांसारखी माळ दिसली किंवा 2 एप्रिल 2022 ला, पाडव्याच्या रात्री, आभाळातून जळत गेलं तसलं काही दिसलं तर त्याचं उत्तर इथे मिळणार नाही (ते चिनी रॉकेटचे तुकडे होते असं तज्ज्ञांनी सांगितलं, तिकडे चंद्रपूरच्या सिंदेवाहीत धातूची रिंगच पडली होती).

माझ्याकडून पाचपैकी पाच. शुक्ला 15 जुलैला परत आले, पण माय अजून संध्याकाळी चूल पेटवता पेटवता विचारते, "आज शे का रे?"