दोन रकान्यांचा मराठी अंक आणि आपोआप हायफनेशन : काही महिन्यांच्या वापरानंतर

इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या मंडळाचं त्रैमासिक दोन रकान्यांत निघतं. दिवाळीपासून त्याची जुळणी मी एका मोफत वर्ड प्रोसेसरमध्ये करतो आहे, आणि हायफनेशन, म्हणजे ओळीत न मावणारा शब्द हायफन देऊन तोडणं, पहिल्या अंकापासून चालू ठेवलं आहे. मराठीला ते लागतंच. हिंदीत ‘कार्यकर्ताओं के लिए भी’ लिहिलं की ओळ हवी तिथे वळते. आपलं ‘कार्यकर्त्यांसाठीसुद्धा’ एकसंध. अरुंद रकान्यात दोन्ही कडा सरळ ठेवल्या की हा शब्द अख्खा खाली जातो आणि वरच्या ओळीत शब्दाशब्दांमध्ये बोटभर पोकळी राहते. पान भोकं पडल्यासारखं दिसतं.

हायफनेशनमुळे ही भोकं बुजली. पण सगळीकडे नाही, आणि खरा वैताग तिथेच आहे. एका परिच्छेदात शब्द नीट तुटतात, लगतच्या परिच्छेदात एकही तुटत नाही. फॉन्ट तोच, स्टाइल तीच. कारण निघालं भाषेच्या खुणेत. मजकुराच्या प्रत्येक तुकड्याला प्रोग्राम आतून एक भाषा लावतो आणि त्या भाषेचे नियम असतील तरच शब्द तोडतो. आमचे बरेचसे लेखक हिंदी कीबोर्डवर मराठी टाइप करतात, म्हणून त्यांच्या लेखांवर ‘हिंदी’ असा शिक्का बसून येतो. लिपी एकच, त्यामुळे डोळ्यांना काही कळत नाही. आता आलेला लेख मी फॉरमॅटिंगशिवाय पेस्ट करतो, सगळा निवडून भाषा मराठी करतो, मगच पुढचं काम. इंदूर-ग्वाल्हेरकडच्या मंडळांनी तरी ही सवय लावून घ्यावीच.

दुसरी गोष्ट तोडीच्या दर्जाची. इंग्रजीसाठी फ्रँकलिन लिआंग यांनी १९८३ मध्ये स्टॅनफर्डच्या प्रबंधात मांडलेली पद्धत शब्दकोशातल्या तोडींवरून नमुने काढते. मराठीचे नियम त्याच साच्यात बसवलेले आहेत, पण ते फक्त अक्षर पाहतात: काना, वेलांटी, मात्रा अशा स्वरचिन्हांच्या आधी तोडू नका, जोडाक्षर फोडू नका, बाकी कुठेही चालेल. त्यामुळे ‘वाचकां-साठी’ जितकं ग्राह्य तितकंच ‘वाचकांसा-ठी’. तुटलेल्या शब्दाची किमान २ अक्षरं खालच्या ओळीत ठेवा असं प्रोग्रामला सांगूनही एकटा ‘ठी’ खाली येत होता, कारण प्रोग्रामच्या हिशेबात ‘ठ’ एक आणि वेलांटी दुसरी. तो आकडा मी ४ केला. आता ‘साठी’ पूर्ण उतरतं. ‘च्या’ मात्र एकटाच येऊ शकतो, कारण त्यातच च, हलन्त, य आणि काना असे चार भरतात. ते वाचताना फारसं खटकत नाही. जिथे तोड वाईटच पडते तिथे कंट्रोल दाबून वजाचं चिन्ह दिलं की आपल्याला हवी ती जागा ठरवता येते. आडनावांसाठी मी हे आवर्जून करतो. माणसाचं नाव भलत्या ठिकाणी तुटलेलं मला छापील अंकात सहन होत नाही.

आणि मांडणी हलण्याचा प्रकार. आपोआप पडलेली तोड फाइलमध्ये साठवली जात नाही, फाइल उघडेल त्या संगणकावर ती नव्याने ठरते. राजवाड्याजवळच्या एका प्रेसमध्ये आमची फाइल उघडली तेव्हा तिथे मराठीचे नियम नव्हते, फॉन्टही वेगळा होता. लेखाच्या ओळी वाढल्या आणि परिच्छेदाला बांधलेला श्रद्धांजलीचा फोटो पुढच्या पानावर, पाककृतीच्या शेजारी जाऊन बसला. प्रूफ पाहिलं म्हणून वाचलो, नाहीतर त्या घरच्यांना काय तोंड दाखवलं असतं! तेव्हापासून प्रेसला फॉन्ट एम्बेड केलेली, म्हणजे फॉन्ट फाइलच्या आतच घातलेली, पीडीएफच जाते.

टेक (TeX) ही अक्षरजुळणीची प्रणाली अख्ख्या परिच्छेदाचा विचार करून ओळी मोडते, हा प्रोग्राम एकेक ओळ भरत जातो. तो फरक पानावर दिसतो, पण आमच्या मंडळात टेक शिकायला कोणी बसणार नाही, तेव्हा हाच बरा. मराठी नियमांत नेहमीच्या शब्दयोगी अव्ययांची यादी घातली तरी निम्मं काम होईल, आणि ते मराठी जाणणाऱ्यांनीच करायला हवं. जमेल तशी यादी मी करायला घेतली आहे: साठी, मध्ये, पर्यंत, बद्दल, सुद्धा, प्रमाणे. कवितांच्या स्टाइलमध्ये मात्र हायफनेशन पूर्ण बंद ठेवा. तिथे ओळ कुठे संपवायची ते कवीने ठरवलेलं असतं.