ऑसबोर्न हाउस, आइल ऑफ वाइट: व्हिक्टोरिया राणीचं घर, वेळ काढून बघाच

यूकेत राहणाऱ्या किंवा फिरायला येणाऱ्या मंडळींनो, बकिंगहॅम पॅलेसच्या गेटबाहेर फोटो काढून परत जाऊ नका, एक अख्खा दिवस ऑसबोर्नला द्या. साउथहॅम्प्टनहून फेरी तासाभरात आइल ऑफ वाइट बेटावरच्या ईस्ट काउजला पोचवते, पुढे बस आहे.

1845 मधे व्हिक्टोरिया आणि अल्बर्टने ही इस्टेट घेतली, जुनं घर पाडून इटालियन धाटणीचं नवीन बांधलं. दिवाणखाने झकपक आहेतच, पण मला राणीची बसायची खोली जास्त आवडली. दोन टेबलं शेजारी शेजारी, एक तिचं एक नवऱ्याचं, इथे बसून दोघं सरकारी कागद बघायचे. 18 व्या वर्षी गादीवर आलेली मुलगी, पुढे 63 वर्षं राज्य आणि मधे नऊ बाळंतपणं, हे सगळं त्या खोलीत उभं राहिल्यावर जास्त कळतं. मुलांचे तान्हेपणीचे हातपाय संगमरवरात घडवून घेतलेत तेही बघा, थोडं विचित्र वाटतं पण आई म्हणून तिचा जीव कळतो. 1853 च्या बाळंतपणात तिनं क्लोरोफॉर्म घेतला, डॉ. जॉन स्नोनी दिला, तेव्हा बाळंतपणात भूल द्यावी की नाही यावर डॉक्टरांमधेच जुंपली होती, राणीनंच घेतल्यावर बायकांना मागायला धीर आला. माझ्या मते याचं श्रेय तिला निःसंकोच द्यावं. 1870 चा शाळांचा कायदा, मतदानाचा हक्क वाढत जाणं, हे तिच्या काळात झालं पण केलं पार्लमेंटनी, बायकांच्या मतदानाला तर तिचा साफ विरोध होता. मात्र 1848 मधे फ्रान्सच्या राजाची गादी गेली, लंडनमधे चार्टिस्ट, म्हणजे सामान्य कामगारांसाठी मतदानाचा हक्क मागणाऱ्या लोकांच्या सभेच्या भीतीनं हे कुटुंब याच घरात येऊन राहिलं, आणि तरी इंग्लंडची गादी टिकली. हळूहळू सत्ता पार्लमेंटकडे सरकत गेली आणि गादीचा मान राहिला, आजची राजेशाही त्याच वाटेवर चालते.

आता दरबार रूम, यासाठीच आपल्या लोकांनी जायचं. 1890-91 मधे लाहोरच्या भाई राम सिंग या कारागिरानं डिझाइन केलेली खोली, छताचं प्लास्टरचं नक्षीकाम बघून मान दुखते, शेकोटीच्या वर पिसारा फुलवलेला मोर. बाहेरच्या कॉरिडॉरमधे साध्या हिंदुस्थानी माणसांची पोर्ट्रेट्स आहेत, ती तर मी दोनदा फिरून बघितली. राणीला हिंदुस्थानी भाषा शिकवणारे मुन्शी अब्दुल करीम तिच्याबरोबर इथेही असायचे, उतारवयात वही घेऊन ती रोज गिरवायची.

पण या खोलीत उभं राहताना थोडा इतिहास सोबत न्या. तिला हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर करणारा दिल्ली दरबार झाला 1 जानेवारी 1877 ला, तेव्हा आपल्याकडे दख्खनमधे दुष्काळानं माणसं मरत होती, ती स्वतः तर हिंदुस्थानात कधी आलीच नाही. खोलीत ज्युबिलीच्या भेटवस्तू आणि चांदीच्या पेट्यांमधली मानपत्रं मांडलीत, त्यातल्या 1897 च्या हीरक महोत्सवाची मेजवानी पुण्यात गणेशखिंडीच्या गव्हर्नमेंट हाउसमधे, म्हणजे आजच्या विद्यापीठाच्या इमारतीत, चालली होती, आणि त्याच रात्री तिथून परतताना रँडवर चापेकरांनी गोळी झाडली. कारण प्लेगच्या नावाखाली घराघरात घुसून केलेला जुलूम. हे माहीत असलं की ती चांदी वेगळी दिसते. कारागिरी मनापासून आवडली आणि पोटात कालवलंही, दोन्ही खरं.

वरच्या मजल्यावर तिची बेडरूम आहे, 22 जानेवारी 1901 ला तिथेच ती गेली. मुलं बरोबर असतील तर स्विस कॉटेज चुकवू नका, राजपुत्र-राजकन्यांना तिथे भाजी पिकवायला आणि स्वैपाक करायला शिकवायचे, त्यांच्या छोट्या ढकलगाड्या अजून आहेत. खाली समुद्रावर राणीची चाकांवरची आंघोळीची खोली पण आहे.

पाचपैकी साडेचार स्टार, अर्धा कापला तो फेरीच्या खर्चाचा, चौघांचं कुटुंब असेल तर तो चांगलाच बसतो. तिकीट आधी ऑनलाइन काढा आणि सकाळची फेरी पकडा, दुपारी पोचलात तर घर, बाग, समुद्र सगळं एका दिवसात होत नाही.