हाडातला डाग आणि 42 हजारांच्या पुड्या

मागच्या वर्षी माझी 12 वर्षांची मुलगी सायकलवरून पडली, म्हणून आम्ही ग्वाल्हेरच्या लष्कर भागातच तिच्या गुडघ्याचा एक्स-रे काढला. मार मुका निघाला. पण गुडघ्याच्या वर, मांडीच्या हाडात एका कडेला काळसर डाग दिसला. तेथे घुटमळणाऱ्या एका गृहस्थाने रिपोर्ट चाळून हा हाडाचा कॅन्सर असल्याचे हलक्या आवाजात सांगितले, बायोप्सी (गाठीचा तुकडा काढून तपासणे) केल्यास तो अंगभर पसरेल असे बजावले आणि आम्हांला आपल्या ओळखीच्या वैद्याकडे नेले. वैद्याने एक्स-रेंच्या जोड्या दाखवल्या : आधीच्या फिल्ममध्ये हाडात पोकळी, नंतरच्या फिल्ममध्ये ती भरलेली. आम्ही सहा महिन्यांच्या पुड्यांसाठी 42 हजार रुपये रोख मोजले. पावती मागण्याचे भानही राहिले नाही.

चार महिन्यांनी इंदूरहून आलेल्या भाऊजींनी तो इंग्रजी रिपोर्ट प्रथमच नीट वाचला. डागाची कड स्पष्ट व पांढरी असून गाठ साधी, म्हणजे कर्करोगाची नसलेली वाटते, असे त्यात लिहिले होते, आणि ते आम्ही इतके दिवस घरातच ठेवले होते!

अस्थितज्ज्ञांनी नवा एक्स-रे पाहून ही 'नॉन-ऑसिफाइंग फायब्रोमा' असल्याचे सांगितले. वाढत्या वयातील मुलांत आढळणारी ही निरुपद्रवी गाठ बहुधा वाढ पूर्ण होईपर्यंत औषधाशिवाय हाडाने भरून येते. कर्करोगाच्या गाठीची कड बहुधा पुसट असते, हाड वाळवी लागल्यासारखे पोखरलेले दिसते, हाडावरचे आवरण उचलले जाते आणि कधी गाठ भोवतालच्या मांसात शिरते. केवळ दुखण्यावरून मात्र निवाडा करता येत नाही, कारण 'ऑस्टिऑइड ऑस्टिओमा' ही हाडातली दुसरी एक गाठ साधी असूनही रात्री ठणकते. बायोप्सीबद्दलच्या भीतीत सत्याचा अंश एवढाच, की ती चुकीच्या जागेतून घेतल्यास पुढची शस्त्रक्रिया अवघड होते. म्हणून शंका असेल तेव्हा शस्त्रक्रिया करणाऱ्या तज्ज्ञांच्याच सल्ल्याने ती करावी.

त्या जोड्यांचा अर्थ मला तेव्हा उमगला. आपोआप भरणारी गाठ हेरायची, तिला कॅन्सर म्हणायचे आणि काळाने केलेल्या कामाचे पैसे घ्यायचे, असा तो धंदा असावा. भाऊजी जाब विचारायला गेले, तेव्हा वैद्याने पुड्या दिल्याचेच नाकारले. मुलीची पहिली फिल्म त्याने 'अभ्यासासाठी' ठेवून घेतली होती. ती अजून त्याच्याकडेच आहे.